पेकिंगच्या द्वानवू सणांतील सहलीचीं स्थळें व त्यांचा लेखी पुरावा

१. चीन देशांत पांचव्या चांद्रमासाच्या पांचव्या दिवशीं 'द्वानवू' नांवाचा सण येतो. चिनी महिना आपल्या दक्षिणेकडील गणनेप्रमाणें अमावास्येच्या संधीवर पालटतो. त्यामुळें हा दिवस बहुधा ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या सुमारास, व अधिक मासाच्या फरकामुळें क्वचित् आषाढांत पडतो. इंग्रजी तारखेनें पाहतां तो मेअखेर ते जूनअखेर यांच्या दरम्यान असतो. नुकताच उन्हाळा तापूं लागलेला असतो आणि लोक घर सोडून मोकळ्या हवेंत जातात. या सणाची सर्वत्र सांगितली जाणारी उपपत्ति अशी कीं, छू राज्याचा एकनिष्ठ मंत्री व कवि छ्यू युआन यानें मीलुओ नदींत देह टाकला. त्यास शोधण्यासाठीं लोकांनीं होड्या लोटल्या, व त्याच्या देहास माशांनीं शिवूं नये म्हणून पाण्यांत भात टाकला. होड्यांच्या शर्यती व पानांत बांधलेले भाताचे मुटके हीं त्याचींच स्मारकें होत. ही उपपत्ति खरी धरली, तर जेथें मोठी नदी नाहीं व शर्यत नाहीं, त्या पेकिंग शहरांतील लोक त्या दिवशीं कोठें जात व कां जात, हा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर देणारा एक उत्तम समकालीन लेख उपलब्ध आहे. त्याची छाननी करणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

२. हा लेख 'दीजिंग जिंगवू ल्युए', म्हणजे 'राजधानींतील स्थळांचें व वस्तूंचें संक्षिप्त वर्णन', या ग्रंथांतील होय. ग्रंथ इ. स. १६३५ (शके १५५७) मध्यें, मिंग वंशाचा शेवटचा बादशहा छोंगचन याच्या कारकीर्दीच्या आठव्या वर्षीं, सिद्ध झाला. ग्रंथाचे कर्ते दोघे. यू यीचंग हा पेकिंगलगतच्या वानफिंग तालुक्याचा, म्हणजे घरचाच मनुष्य. लिऊ थोंग हा मध्यचीनमधील माचंगचा. यू यानें माहिती गोळा करावी व लिऊ यानें ती शब्दांत बसवावी, अशी वांटणी होती. स्थळांवरील कविता जमविण्याचें काम त्यांचा मित्र चोउ सुन यानें केलें. ग्रंथाचे आठ खंड असून मांडणी दिशेप्रमाणें आहे: शहराची उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, मग पश्चिमेचे डोंगर व आसपासचा मुलूख. त्यांत देवळें, विहिरी, बागा, थडगीं सर्व आहे. गोव्यांत सन १५७८ पासून कांहीं वर्षें राहून पुढें चीनला गेलेला जेसुइट पाद्री मात्तेओ रिच्ची याच्या पेकिंगमधील थडग्यावरहि त्यांत एक स्वतंत्र प्रकरण आहे. यावरून लेखकांची नजर किती चौफेर होती हें दिसतें.

३. द्वानवूविषयींचा मजकूर मात्र शोधणाऱ्यास सहज सांपडत नाहीं. तो कोणत्याहि सहलीच्या स्थळाखालीं मुख्यत्वें दिलेला नसून दुसऱ्या खंडांत, शहराच्या पूर्वेकडील 'छुनछांग' म्हणजे वसंतोत्सवाच्या मैदानाच्या प्रकरणांत, वर्षभराच्या चालीरीतींच्या ओघांत आला आहे. त्याचा आशय असा: पांचव्या दिवशीं दुपार होण्यापूर्वीं लोक झुंडीनें 'थ्येनथान' म्हणजे स्वर्गवेदीच्या आवारांत शिरतात, यास ते विष टाळणें म्हणतात. दुपार टळल्यावर बाहेर पडतात व वेदीच्या भिंतीखालीं घोडे पळवितात. नदीकांठच्या शहरांप्रमाणें दोऱ्यानें बांधलेले मुटके पाण्यांत टाकण्याची चाल येथें नाहीं, तरी मुटके करतात; होड्यांच्या शर्यतीची चाल नाहीं, तरी खेळण्या-हिंडण्यांत चढाओढ करतात. त्यानंतर चार दिशांचीं चार स्थळें सांगितलीं आहेत: दक्षिणेस सुवर्णमत्स्यांचें तळें, पश्चिमेस गावल्यांग पूल, पूर्वेस देवदारांची राई, उत्तरेस मानजिंग म्हणजे 'भरली विहीर'. अखेरीस राजवैद्यांविषयीं एक वाक्य आहे. त्याचा विचार पुढें केला आहे.

४. ही नोंद एकाकी नाहीं. त्याच ग्रंथाच्या इतर प्रकरणांतून तिला दुजोरा मिळतो. सुवर्णमत्स्यांच्या तळ्याच्या प्रकरणांत म्हटलें आहे कीं, तेथील रहिवासी तळ्याचे भाग पाडून रंगीत मासे पैदा करण्याचा धंदा करीत. तेथून दक्षिणेकडे स्वर्गवेदीपर्यंत मोकळें रान होतें, व द्वानवूच्या दिवशीं तेथें घोडे धांवत. गावल्यांग पुलाच्या प्रकरणांत वसंतांतील छिंगमिंग सणाच्या दिवशीं पुलावर जमणाऱ्या लोटाचें, डोंबाऱ्यांच्या व घोड्यांवरील कसरतींचें वर्णन करून, बुद्धाच्या स्नानाच्या दिवशीं (चौथ्या महिन्याची अष्टमी) व द्वानवूसहि असाच प्रकार होतो, असें नमूद केलें आहे. मानजिंगविषयीं तर युआन होंगदाव या प्रसिद्ध निबंधकाराचा इ. स. १५९९ चा एक लहानसा प्रवासलेख आहे. तो वसंतारंभींचा असला तरी, उत्तरेच्या आनदिंग वेशीबाहेर हें स्थळ मोकळी हवा घेण्याचें होतें, हें त्यावरून सिद्ध होतें. एकाच गोष्टीची निरनिराळ्या ठिकाणीं, निरनिराळ्या निमित्तानें आलेली साक्ष एकमेकींशीं जुळते, तेव्हां तिजवर विश्वास ठेवण्यास हरकत नसते.

५. आतां मूळ नोंदींतील एका विशेषाकडे लक्ष वेधावयाचें आहे. पेकिंगमध्यें काय आहे हें सांगतांना लेखक काय नाहीं हेंहि दोनदां सांगतो. जन्मापासून पेकिंगमध्यें राहणाऱ्यास शर्यतींचा अभाव जाणवण्याचें कारण नाहीं; जी गोष्ट कधीं पाहिली नाहीं तिची उणीव कोण नोंदणार? परंतु लिऊ थोंगचें माचंग हें गांव हूग्वांग प्रांतांत, म्हणजे प्राचीन छू राज्याच्या मुलुखांत होतें. छ्यू युआनची कथा व होड्यांच्या शर्यती हें त्याच मुलुखाचें देणें. म्हणून हीं दोन नकारार्थी वाक्यें लिऊच्या दृष्टींतून आलीं असावींत, व चार दिशांच्या स्थळांची यादी यूच्या घरगुती माहितींतून आली असावी, असें आमचें अनुमान आहे. तें बरोबर असेल, तर या चार ओळींत एक दक्षिणी पाहुणा व एक उत्तरी यजमान एकमेकांशीं बोलत आहेत असें समजावें. आणि पाहुण्याच्या आश्चर्यामुळेंच यजमानाच्या शहरांतील विशेष आपणांस कळला.

६. येथें एक विरोधी पुरावा विचारांत घेतला पाहिजे. लिऊ रुओयू नांवाच्या राजवाड्यांतील खोजानें त्याच काळांत, तुरुंगांत असतां, मिंग दरबाराच्या अंतर्गत व्यवहाराचा 'चुओचोंग च' हा ग्रंथ लिहिला. त्यांत द्वानवूच्या दिवशीं बादशहा पश्चिम-उद्यानांतील सरोवरावर जाऊन नागाकृति होड्यांची चढाओढ पाहतो, किंवा राजवाड्यामागील टेकडीसमोर घोडेस्वारांच्या कसरती पाहतो, असें आहे. मग शर्यत नाहीं हें वाक्य चुकीचें ठरतें काय? तसें नाहीं. पश्चिम-उद्यान हें बादशाही आवार होतें. सामान्य मनुष्यास तेथें मज्जाव. लिऊ थोंग लोकांची चाल सांगतो, लिऊ रुओयू दरबाराची. दोन्ही विधानें आपापल्या ठिकाणीं खरीं आहेत. उलट दोन्ही एकत्र वाचलीं म्हणजे ध्यानांत येतें कीं, शहरांतील होड्या भिंतीआड होत्या व लोकांच्या वांट्यास जमिनीवरील खेळ आले होते. घोडे मात्र दोहोंकडे होते.

७. लोक स्वर्गवेदीच्या आवारांत 'विष टाळण्यासाठीं' जात, हा या नोंदीचा गाभा आहे व तोच सर्वांत जुना थर आहे. या दिवसाविषयींची भीति किती प्राचीन आहे, हें सिमा छ्येनच्या 'श्रजी' या इतिहासांत दिसतें. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या आरंभीं पूर्ण झालेल्या या ग्रंथांत छी राज्याच्या मंगछांग सरदाराची हकीकत आहे. त्याचा जन्म पांचव्या महिन्याच्या पांचव्या दिवशीं झाला. अशा दिवशीं जन्मलेलें मूल दाराच्या उंचीइतकें वाढलें म्हणजे आईबापांचा घात करतें, अशा समजुतीनें बापानें तें वाढवूं नये असें फर्माविलें. आईनें चोरून वाढविलें. मोठा झाल्यावर मुलानें बापास विचारलें कीं, माणसाचें आयुष्य आकाशाकडून ठरतें कीं दाराकडून? दाराकडून ठरत असेल, तर दार उंच करावें म्हणजे झालें. बाप निरुत्तर झाला. आतां हें ध्यानांत घेण्यासारखें आहे कीं, त्याच इतिहासांत छ्यू युआनचें चरित्रहि आहे व त्याच्या जलसमाधीचा प्रसंगहि आहे. परंतु तेथें तिथि दिलेली नाहीं. एकाच इतिहासकाराच्या लेखणींत ही तिथि अशुभ म्हणून आली आहे, छ्यू युआनची पुण्यतिथि म्हणून नव्हे.

८. दुसरा थर सहाव्या शतकांतला. त्सोंग लिन यानें मध्य यांगत्से खोऱ्यांतील सणवारांचा 'जिंगछू स्वेषजी' हा ग्रंथ लिहिला. पांचव्या महिन्यास लोक दुष्ट महिना म्हणतात, त्यांत अंथरुणें-चटया उन्हांत टाकूं नयेत, घर शाकारूं नये, असे निर्बंध त्यानें नोंदविले आहेत. पांचव्या दिवशीं सर्व लोक रानांत जाऊन नानाविध गवतें तुडवितात, वनस्पतींची चढाओढ खेळतात, दवण्याच्या जातीच्या वनस्पतीची बाहुली करून दारावर टांगतात, होड्या पळवितात व औषधी गोळा करतात, असें तो सांगतो. सहलीचा इतका स्पष्ट जुना उल्लेख महत्त्वाचा आहे. कारण रानांत जाणें, वनस्पति तुडविणें व औषधी खुडणें हीं सर्व एकाच हेतूचीं अंगें दिसतात. उष्मा वाढतो, साप-विंचू बाहेर पडतात, रोगराई सुरू होते. त्याच वेळीं औषधी जोमांत येतात. म्हणून दोषाच्या दिवशीं दोषाचा उतारा शोधावयास बाहेर पडावें, ही त्यामागील कल्पना.

९. त्सोंग लिनच्या ग्रंथावर स्वै वंशाच्या काळांत दू गोंगचान यानें टीका लिहिली. होड्यांच्या शर्यतीविषयीं त्यानें तीन उपपत्ति शेजारीं शेजारीं ठेवल्या आहेत. लोक ही चाल छ्यू युआनची म्हणतात. परंतु त्साव ओ या कन्येच्या शिलालेखावरून पाहतां पूर्वेकडील वू मुलुखांत ती वू त्सिश्यू या अन्यायानें मारल्या गेलेल्या मंत्र्याच्या स्मरणार्थ आहे, तिचा छ्यू युआनशीं संबंध नाहीं. आणि तिसऱ्या एका ग्रंथाप्रमाणें तिचा आरंभ युए राज्याचा राजा गोउज्येन यानें केला. या टीकाकाराची आम्हांस मोठी तारीफ वाटते. त्यानें एक कथा निवडून बाकीच्या पुसल्या नाहींत. कोणती कथा कोणत्या मुलुखाची व कोणत्या लेखावरून, हें त्यानें सांगून ठेविलें. कृति एक, कारणें तीन. अशा वेळीं कृति कारणांहून जुनी आहे असें समजणें सयुक्तिक होय.

१०. आतां राजवैद्यांचें वाक्य. द्वानवूच्या दिवशीं बादशाही वैद्यशाळेचे अधिकारी निशाणें व वाजंत्री घेऊन शहराच्या दक्षिणेकडील 'नानहायज' या शिकारीच्या राखीव रानांत जात व तेथें भेक पकडून त्यांच्या मस्तकावरील ग्रंथींतून विष काढीत. हें विष चिनी वैद्यकांत औषध म्हणून वापरतात. सन १५९६ च्या सुमारास छापून निघालेल्या ली षजन याच्या सुप्रसिद्ध निघंटूंत त्याची माहिती आहे. भेक हा द्वानवूच्या पांच विषारी प्राण्यांपैकीं एक. ज्या दिवशीं सामान्य लोक विष टाळण्यासाठीं वेदीच्या झाडींत शिरत, त्याच दिवशीं सरकारी वैद्य वाजत-गाजत विष आणावयास जात! दोन्ही गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात, पण त्यांचें मूळ एकच आहे: हा दिवस विषाच्या पूर्ण बलाचा. कोणी त्यापासून पळावें, कोणी तें बल कामास लावावें. या वाक्यावरून स्वर्गवेदीकडील गर्दीचा अर्थ निश्चित होतो. पेकिंगच्या सहलीस छ्यू युआनची गरज नव्हती; तिला स्वतःचें कारण होतें.

११. घोड्यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. सन १३४४ मध्यें संकलित झालेल्या 'जिन वंशाच्या इतिहासा'त द्वानवूच्या दिवशीं आकाशाची पूजा करून मग घोड्यावरून वाळुंजाच्या फांदीवर नेम मारणें व चौगानाचा चेंडू खेळणें, असा विधि दिला असून, ही चाल पूर्वींच्या ल्याव म्हणजे खितान लोकांची, असें त्यांत सांगितलें आहे. या जिन वंशाची राजधानी सन ११५३ पासून आजच्या पेकिंगच्याच भूमीवर होती. मिंग काळांत द्वानवूस घोडे पळविण्याची जी हौस दिसते तींत या उत्तरेकडील घोडेस्वारांच्या चालीचा अंश उरला असावा. मात्र जिन लोक त्या दिवशीं आकाश पुजीत आणि मिंग प्रजा स्वर्गवेदीकडे जाई, एवढ्यावरून दोहोंची सांखळी जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. स्वर्गवेदी सन १४२० मध्यें बांधली गेली. तेथील मुख्य पूजा बादशहा हिंवाळ्यांतील अयनदिनीं करी, द्वानवूस नव्हे. नामसादृश्य हा पुरावा नव्हे.

१२. होड्या व द्वानवू हीं अविभाज्य नव्हतीं, यास आणखी एक साक्ष खायफंग शहराची. सोंग वंशाची ही राजधानी सन ११२७ मध्यें गेल्यावर दक्षिणेस पळालेल्या मंग युआनलाव यानें सन ११४७ ची प्रस्तावना असलेला 'दोंगजिंग मंगह्वा लू' हा स्मरणग्रंथ लिहिला. त्यांत बादशाही जिनमिंग सरोवर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं लोकांस खुलें होई, चौथ्या महिन्याच्या अष्टमीपर्यंत खुलें राही, आणि तेथील नागनौका व जलक्रीडा बादशहा पाही, असें सविस्तर आहे. म्हणजे तेथें होड्यांचा सोहळा द्वानवूपूर्वींच आटोपे. त्याच ग्रंथांत द्वानवूचें प्रकरण निराळें असून त्यांत बाजारांतील जिनसा व दारावर लावावयाच्या वस्तु आहेत. प्रत्येक राजधानीनें आपल्या पाण्याप्रमाणें व आपल्या राजाप्रमाणें सण मांडला, असाच याचा निष्कर्ष.

१३. त्या चार दिशांचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. ग्रंथ सिद्ध झाल्यानंतर नऊच वर्षांनीं, सन १६४४ मध्यें, मिंग वंश बुडाला व पेकिंग मांचूंच्या हातीं गेलें. सुवर्णमत्स्यांच्या तळ्याच्या आसमंतांत पुढें दरिद्री वस्ती झाली व तेथील घाणेरडा नाला 'नागमिशीचा नाला' म्हणून कुप्रसिद्ध झाला. सन १९५० मध्यें तो दुरुस्त करण्यांत आला, आणि त्याच प्रसंगावर लाव षे याचें त्याच नांवाचें नाटक आहे. मानजिंगचें तुडुंब पाणी राहिलें नाहीं. युआन होंगदावच्या लेखामुळें तें नांव मात्र चिनी शाळांतील मुलांच्या तोंडीं आहे. गावल्यांग पूल पुनर्बांधणी होऊन आजहि आहे. पण सन ९७९ मध्यें ज्या गावल्यांग नदीच्या कांठीं खितानांनीं सोंग बादशहाचा पराभव केला, तिचा विस्तार त्याच्याखालच्या प्रवाहावरून ओळखूं येत नाहीं. स्वर्गवेदी सन १९१८ पासून सार्वजनिक उद्यान झाली, आणि पश्चिम-उद्यानाचा उत्तरभाग, म्हणजे बेहाय, सन १९२५ पासून. ज्या पाण्यावर बादशहाशिवाय कोणी होड्या पाहिल्या नाहींत, तेथें आतां कोणीहि तिकीट काढून नाव वल्हवितो. नानहायजच्या रानांत, जेथें वैद्य भेक पकडीत, सन १९८५ मध्यें इंग्लंडांतून आणलेलीं मीलू जातीचीं हरणें पुन्हां सोडण्यांत आलीं.

१४. चीन सरकारनें सन २००८ पासून द्वानवूस सार्वजनिक सुट्टी दिली, आणि सन २००९ मध्यें युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादींत हा सण दाखल झाला. त्या नोंदींत चार ठिकाणचे द्वानवू एकत्र केले आहेत: हूबे प्रांतांतील जग्वै व ह्वांगष, हूनानमधील मीलुओ, आणि ज्यांगसूमधील सूचोउ. हीं चारही स्थळें दक्षिणेकडील पाण्याच्या मुलुखांतील. पेकिंगचें नांव नाहीं. त्यांतहि सूचोउचा सण वू त्सिश्यूचा आहे, छ्यू युआनचा नव्हे. दू गोंगचान यानें वू मुलुखाविषयीं चौदाशें वर्षांपूर्वीं जें लिहून ठेविलें, तें अद्याप तेथें जिवंत आहे, याहून टीकाकाराच्या प्रामाण्याची मोठी परीक्षा कोणती? कोरियांतील गांगनुंग येथील याच तिथीचा उत्सव युनेस्कोनें सन २००५ मध्यें मान्य केला, तेव्हां चीनमध्यें सणाच्या मालकीवरून मोठा गवगवा झाला. वस्तुतः गांगनुंगच्या उत्सवांत डोंगराच्या देवाची पूजा आहे. तिथि एक असली म्हणून सण एक होत नाहीं, आणि सण निराळे म्हणून कोणाची तिथि चोरीस जात नाहीं.

१५. हस्तलिखितांचा व जुन्या छापील प्रतींचा संग्रह करणाऱ्यांस यांतून एक सूचना कराविशी वाटते. 'दीजिंग जिंगवू ल्युए'चे दोन अवतार आहेत. मांचू काळांतील विद्वान जी युन यास मूळ ग्रंथांतील कविता निरुपयोगी वाटल्या व त्यानें त्या गाळून छाटलेली प्रत सिद्ध केली. पुढें तीच पुष्कळ प्रचारांत होती. द्वानवूचा मजकूर गद्यांत असल्यामुळें वांचला. परंतु चोउ सुननें जमविलेल्या कवितांत कोण कवि कोणत्या स्थळीं कोणत्या दिवशीं गेला, याची साक्ष असते, आणि स्थळ नष्ट झाल्यावर तिची किंमत वाढते. ज्यास आज पाल्हाळ म्हणून कात्री लावावी, तोच उद्यां एकमेव साक्षीदार ठरतो. ज्याच्याजवळ छाटलेली प्रत आहे त्यानें संपूर्ण ग्रंथ आपणांजवळ आहे असें समजूं नये.

१६. लिऊ थोंगची नेमणूक पुढें सूचोउच्या वू तालुक्यावर अधिकारी म्हणून झाली. पण तो वाटेंतच यांगचोउ येथें वारला. वू त्सिश्यूच्या मुलुखांतील द्वानवू अधिकाराच्या खुर्चीवरून पाहण्याचा योग त्याला आला नाहीं. तो आला असता, तर तेथेंहि काय आहे याबरोबर काय नाहीं हें त्यानें लिहून ठेविलें असतें, अशी आमची खात्री आहे. पेकिंगपुरतें पाहतां, दुपारपूर्वीं वेदीच्या आवारांत शिरणारा तो अनामिक समुदाय कोणत्याहि महापुरुषाच्या स्मरणार्थ जात नव्हता. तो ऊन, रोग व विष यांच्यापासून आपल्या मुलांबाळांना वांचवावयास जात होता, आणि भीति ओसरल्यावर संध्याकाळपर्यंत खेळत होता. इतिहासांत थोरांच्या कथांना जागा पुष्कळ मिळते. या समुदायाला चार ओळी मिळाल्या; त्या जपून ठेवणें आपलें काम आहे.